साक्षीदाराचा थरकाप : 'सापडलेल्या' राक्षसपटांच्या जाहिराती

२००७ च्या जुलै महिन्याच्या आरंभी अमेरिकेतील चित्रपटगृहांत 'ट्रान्सफॉर्मर्स' या यंत्रमानवांच्या चित्रपटापूर्वी एक जाहिरात दाखविली जाऊ लागली. तिला नाव नव्हते. घरगुती कॅमेऱ्याने टिपलेला, चौकटीत कसाबसा मावणारा एक निरोपसमारंभ तीत दिसे. न्यूयॉर्कमधील एका घरात तरुण मित्रमंडळी जमली आहेत, त्यांतला एक जण नोकरीनिमित्त जपानला निघाला आहे, आणि पाहुणे कॅमेऱ्यासमोर येऊन त्याला शुभेच्छा देत आहेत. मध्येच घर हादरते, दिवे जातात, दूर कोठेतरी गर्जना होते. मंडळी गच्चीवर धावतात. शहराच्या दुसऱ्या टोकास स्फोट होतो, आकाशातून आगीचे गोळे येऊ लागतात, आणि सारे जण धडपडत रस्त्यावर उतरतात. त्या रस्त्यावर आपटत, घरंगळत येऊन थांबते ते स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे मस्तक. यानंतर पडद्यावर शीर्षक यावयास हवे होते. तेथे उमटे ती केवळ एक तारीख : १८ जानेवारी २००८. चित्रपटाचे नाव 'क्लोव्हरफील्ड' आहे हे प्रेक्षकांस रीतसर कळले ते नोव्हेंबरात, दुसऱ्या ट्रेलरबरोबर. आणि हे सारे उत्पात करणारा राक्षस त्या ट्रेलरमध्येही धड दिसला नाही.

चित्रपटाच्या जाहिरातीकडे साहित्याच्या अभ्यासकाने इतके लक्ष देऊन का पाहावे, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या जाहिरातींनी जी युक्ती योजिली ती मुळात आपल्या घरची आहे. जो चित्रपट कोणी रचलेला नसून केवळ सापडला आहे, ज्याचे चित्रण करणारा मेला किंवा नाहीसा झाला आणि मागे त्याची फीत तेवढी उरली, अशी बतावणी ज्यात केलेली असते त्यास 'सापडलेल्या चित्रणाचा' चित्रपट म्हणावे. ग्रंथांच्या बाबतीत ही बतावणी शतकानुशतके चालत आली आहे. सर्व्हांटीसने आपल्या नायकाची कथा तोलेदोच्या बाजारात मिळालेल्या अरबी बाडावरून घेतली असल्याचे सांगितले आणि त्या बाडाचा अनुवाद करून घेतल्याचेही सांगितले. होरेस वॉल्पोलने १७६४ साली 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' प्रसिद्ध केली तेव्हा तो जुन्या इटालियन ग्रंथाचा अनुवाद असल्याची बतावणी केली. पुढल्याच वर्षी दुसऱ्या आवृत्तीत त्याने ती मागे घेतली आणि आपले कर्तृत्व कबूल केले. आयुष्य अनुवादात घालविलेल्या माणसास येथे थोडी गंमत वाटते. अनुवादकाच्या शब्दावर एरवी कोणी फारसा विश्वास ठेवीत नाही. पण लेखकास खोटे बोलावयाचे झाले की त्याला पहिल्याने अनुवादकाचीच वस्त्रे आठवतात!

आपल्याकडील दाखला तर याहून कितीतरी जुना आहे. सोमदेवाच्या कथासरित्सागरात कथेचा उगम सांगताना गुणाढ्याची हकीकत येते. सातवाहनाच्या दरबारातून बाहेर पडलेला हा पंडित अरण्यात पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने, सात लक्ष श्लोकांची कथा लिहितो. राजा तिचा अव्हेर करतो. मग गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवीत अग्नीत टाकीत जातो. सहा लक्ष श्लोक जळून जातात आणि उरलेले एक लक्ष राजाच्या हाती लागतात. पिशाचांची भाषा, रक्ताची शाई आणि आगीतून वाचलेला अवशेष, एवढी सामग्री मिळाल्यावर आजच्या कोणत्याही जाहिरातदाराने आणखी काही मागितले नसते. हरवलेल्या भागामुळे उरलेला भाग खरा वाटू लागतो, हे सोमदेवास अकराव्या शतकात पुरते ठाऊक होते.

परंतु ग्रंथ आणि चित्रपट यांत एक भेद आहे, आणि माझ्या मते या प्रकाराचा सारा इतिहास त्या भेदातून निघतो. ग्रंथात बतावणीची जागा म्हणजे प्रस्तावना. हस्तलिखित कसे सापडले, कोणी जपले, कोठे फाटले, हे सारे वाचक कथेत शिरण्यापूर्वी तेथे वाचतो. चित्रपटास तशी प्रस्तावना नसते. आरंभी दोन ओळींची पाटी दाखविता येते. 'क्लोव्हरफील्ड'मध्येही चित्रफीत अमेरिकेच्या संरक्षणखात्याची मालमत्ता असून ती पूर्वी सेंट्रल पार्क म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी मिळाली, असे सांगणारी पाटी आहे. पण तोपर्यंत प्रेक्षक तिकीट काढून, खुर्चीत बसून, आपण चित्रपट पाहत आहोत हे मान्य करून चुकलेला असतो. त्याला गाठावयाचे तर ते रस्त्यावर, घरी, दुसऱ्याच चित्रपटाची वाट पाहत असताना गाठले पाहिजे. म्हणून या प्रकारात ट्रेलर आणि पोस्टर हीच खरी प्रस्तावना ठरते. बतावणी तेथे घडते. चित्रपटगृहात मिळते ते नुसते सोबतचे बाड.

या प्रकाराचा आरंभ सामान्यतः रुग्गेरो देओदातो या इटालियन दिग्दर्शकाच्या १९८० च्या 'कॅनिबल होलोकॉस्ट'पासून धरतात. ॲमेझॉनच्या अरण्यात नाहीशा झालेल्या चित्रपटकर्त्यांची फीत सापडते, असे त्याचे कथानक. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर वर्षभर लोकांच्या नजरेस पडावयाचे नाही, असा करार त्यातील नटांकडून करून घेतलेला होता. बतावणी इतकी सफळ झाली की दिग्दर्शकावर खुनाचा आरोप आला, आणि आपले नट जिवंत असल्याचे त्याला अधिकाऱ्यांपुढे सिद्ध करावे लागले. त्या चित्रपटात प्राण्यांची हत्या मात्र खरीखुरी होती. त्याविषयीची घृणा आजही ओसरलेली नाही, आणि ती ओसरावी असे मला वाटतही नाही.

राक्षसाचे म्हणाल तर त्याची शाळा वेगळीच होती, आणि ती चित्रपटगृहाबाहेर भरली. १९३४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या 'डेली मेल'ने स्कॉटलंडमधील लॉख नेस सरोवरातील प्राण्याचे छायाचित्र छापले : पाण्यातून वर आलेली लांब मान आणि लहानसे डोके. एका डॉक्टरच्या नावावर ते प्रसिद्ध झाल्याने 'सर्जनचे छायाचित्र' या नावानेच ते जगभर गेले. खेळण्यातल्या पाणबुडीवर बसविलेले ते एक लहानसे शिल्प होते, हे १९९४ साली उघड झाले. ते छायाचित्र छापताना त्याच्या कडा कापण्यात आल्या होत्या, ही गोष्ट येथे महत्त्वाची. मूळ चित्रात भोवतालचे पाणी पुष्कळ दिसते, आणि लाटांच्या मानाने प्राणी किती चिमुकला आहे ते कळते. कडा कापताच मोजमापाची खूण नाहीशी होते आणि प्राणी हवा तेवढा मोठा होतो. पोस्टर रचणाऱ्याने शिकावयाचा पहिला धडा हाच.

दुसरा धडा १९६७ चा. त्या वर्षीच्या २० ऑक्टोबर रोजी कॅलिफोर्नियातील ब्लफ क्रीक येथे दोघा घोडेस्वारांनी सोळा मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने मिनिटभराचे चित्रण केले. केसाळ, मनुष्याकृती असे काहीतरी नाल्याकाठून चालत जाते आणि जाता जाता एकदा वळून पाहते, एवढेच त्यात आहे. अमेरिकन वनमानवावर विश्वास ठेवणारे आणि न ठेवणारे दोघेही त्या चित्रणावर अद्याप भांडतात. चित्रण करणारा प्राण्याकडे धावत होता, म्हणून पहिली काही क्षणचित्रे इतकी हलतात की त्यांत काही दिसतच नाही. पण ती जर कापून टाकली असती तर उरलेल्या भागावर एवढा विश्वास बसला असता काय? ज्या भागात काहीही दिसत नाही त्याच भागाने पुढे दिसणाऱ्या आकृतीची हमी घेतली.

व्यावसायिक राक्षसपटांचे पोस्टर या सुमारास अगदी उलट वाटेने चालले होते. १९३३ च्या 'किंग काँग'चे पोस्टर महाकाय वानर उघड्या छातीने दाखविते. मुठीत विमान, पायाखाली गगनचुंबी इमारत. १९७५ च्या 'जॉज'मध्ये यांत्रिक शार्क वारंवार बिघडत असल्याने चित्रपटात तो बराच वेळ दडून राहिला, पण पोस्टरवर रॉजर कॅस्टेलने त्याचा जबडा पोहणाऱ्या स्त्रीच्या खाली स्पष्ट रंगविला. जत्रेतल्या तंबूबाहेरच्या रंगीत पडद्याची ही रीत आहे. आत असेल त्याहून बाहेर अधिक दाखवावयाचे. १९९८ च्या 'गॉडझिला'ने ती बदलली. त्याच्या ट्रेलरमध्ये संग्रहालयातील डायनासोरच्या सांगाड्यावर एक प्रचंड पाय येऊन पडतो आणि बाकीचे शरीर दिसत नाही. मात्र हे लपविणे फुशारकीचे होते. आकाराचीच जाहिरात करावयाची म्हणून आकृती राखून ठेवलेली. भय त्यात नव्हते. पाय दाखविणाऱ्या त्या कॅमेऱ्यास स्वतःला काही होईल अशी धास्ती मुळीच वाटत नव्हती.

धास्ती आली ती पुढल्या वर्षी. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांचा 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' १९९९ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात दाखविला गेला आणि जुलैत सर्वत्र लागला. त्यात दिसणारा राक्षस नाही. झाडांना टांगलेल्या काटक्यांच्या बाहुल्या, दगडांच्या राशी आणि रात्रीचे आवाज एवढेच आहे. मेरीलँडच्या जंगलात तिघा नटांनी स्वतः कॅमेरे हाती घेऊन, स्वतःच्याच नावांनी वावरत हे चित्रण केले. प्रसिद्धीसाठी जी पत्रके वाटली गेली ती चित्रपटाची नव्हती. पोलीस ठाण्यावर किंवा दिव्याच्या खांबावर चिकटवितात तशी 'हरवले आहेत' अशी पत्रके, तिघांच्या छायाचित्रांसह. संकेतस्थळावर खोटे पोलिसी पुरावे मांडले होते, आणि चित्रपटापूर्वी एक खोटा माहितीपटही दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आला. चित्रपटाच्या पोस्टरवर काळ्या पार्श्वभूमीत तळाशी अर्धा चेहरा, भेदरलेले डोळे. आणि वर साध्या अक्षरांत माहिती की, १९९४ च्या ऑक्टोबरात तिघे विद्यार्थी माहितीपटाचे चित्रण करताना नाहीसे झाले व वर्षाने त्यांचे चित्रण मिळाले. या मजकुरात एकही विशेषण नाही. 'भयंकर' नाही, 'थरारक' नाही. पंचनाम्याची भाषा आहे. जाहिरातीने जाहिरातीची भाषा टाकून सरकारी कारकुनाची भाषा उचलली, ही माझ्या मते त्या पोस्टरची सर्वांत मोठी वाङ्मयीन कामगिरी होय.

तिची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. चित्रपटाने जगभरात सुमारे २५ कोटी डॉलर मिळविले. मुख्य अभिनेत्रीच्या आईला मात्र लोकांची सांत्वनपत्रे आली. अनोळखी माणसांनी, मुलगी गेली असे समजून, खऱ्या दुःखाने लिहिलेली ती पत्रे होती. हातात छायाचित्र घेऊन आपले माणूस शोधीत हिंडणाऱ्याविषयी समाजाच्या मनात जो एक राखीव विश्वास असतो, तो या पत्रकांनी वापरून घेतला. कादंबरीच्या खोट्या प्रस्तावनेने असे केले नव्हते; वॉल्पोलच्या काल्पनिक बाडासाठी कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नसावे.

आता पुन्हा 'क्लोव्हरफील्ड'कडे वळावयास हरकत नाही. निर्माते जे. जे. एब्रम्स २००६ मध्ये मुलासह जपानला गेले असता तेथील दुकानांतून गॉडझिलाची खेळणी त्यांनी पाहिली, आणि अमेरिकेलाही स्वतःचा असा राक्षस हवा असे त्यांच्या मनात आले. दिग्दर्शन मॅट रीव्ह्ज यांचे, लेखन ड्रू गॉडर्ड यांचे. जाहिरात लागली तेव्हा चित्रपटाचे चित्रण पुरे झालेले नव्हते. पोस्टरवर पुढे मस्तक नसलेला पुतळा, मागे धुरात बुडालेले मॅनहॅटन, पाण्यातून किनाऱ्याकडे गेलेला माग आणि इमारतींच्या रांगेत पडलेले खिंडार. कर्ता कोठेही नाही, नुसती क्रियापदे! वाक्यातून कर्ता गाळला की वाचक तो शोधीत राहतो, हे व्याकरण आपण शाळेत शिकलो. ते इतक्या मोठ्या कागदावर लिहिलेले मी प्रथमच पाहिले. पुतळ्याचे मस्तक रस्त्यात पडल्याची कल्पना एब्रम्स यांना १९८१ च्या 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क' या चित्रपटाच्या पोस्टरवरून सुचली. गंमत अशी की त्या जुन्या चित्रपटात ते दृश्यच नाही. पोस्टरने दिलेले आणि चित्रपटाने न पाळलेले वचन सव्वीस वर्षांनी दुसऱ्याच जाहिरातीने पुरे केले.

भरताने भयानक रसाचे विभाव सांगताना विकृत आवाज, भूतपिशाचादी सत्त्वांचे दर्शन, शून्य घर, अरण्य यांचा उल्लेख केला आहे. भयाचे कारण ते विभाव, आणि भ्यालेल्याच्या अंगावर उमटतात ती चिन्हे म्हणजे अनुभाव. जुना राक्षसपट विभाव दाखवून भय निर्माण करी. या नव्या जाहिरातींनी विभाव जवळजवळ पुसून टाकला आणि सारा भार अनुभावावर घातला. त्यातही नवी गोष्ट ही की, अनुभाव पात्राच्या अंगावर उमटण्याऐवजी कॅमेऱ्याच्या अंगावर उमटतात. आठ सात्त्विक भावांत कंप आहे, ज्याला वेपथु म्हणतात; येथे चौकटच कापते. स्वरभेद आहे, येथे ध्वनी फाटतो, श्वासाने झाकला जातो. स्तंभ आहे, कॅमेरा धावता धावता एकाएकी थबकतो, आणि प्रेक्षकाला कळते की धरणाऱ्याने काहीतरी पाहिले. आठवा प्रलय, म्हणजे भान हरपणे; पडदा काळा होतो. ट्रेलरच्या दोन मिनिटांत हे चार भाव जेवढ्या शुद्ध रूपात मिळतात तेवढे पुऱ्या चित्रपटात मिळत नाहीत. कारण चित्रपटाला शेवटी राक्षस दाखवावाच लागतो. 'क्लोव्हरफील्ड'चा राक्षस तपशिलाने उत्तम घडविलेला आहे, आणि तो जवळून दिसला त्या क्षणी माझी तरी भीती निम्मी झाली.

भयानक रस हा नीच प्रकृतीच्या पात्रांचा, असे भरत म्हणतो. चित्रपटात कॅमेरा ज्याच्या हाती आहे तो हड हा मित्रमंडळींतला विदूषकच असतो. बडबड्या, वेळ न समजणारा. शूर माणसाच्या हाती कॅमेरा दिला असता तर तो हलला नसता, आणि मग आपणही हललो नसतो.

अभिनवगुप्ताशी मात्र या जाहिरातींचे जमत नाही, आणि मूळ वाद येथे आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील धावत्या हरिणाचे उदाहरण घेऊन तो सांगतो की, रसिकाला प्रतीत होणारे भय देशकालाच्या बंधनातून सुटलेले असते. हे हरिण, हे वन, हा क्षण अशी विशेषे गळून पडतात आणि शुद्ध भय आस्वादाचा विषय होते. सापडलेल्या चित्रणाची जाहिरात नेमके हेच होऊ देत नाही. ती देशकाल कपाळावर गोंदून घेते. तारीख, गावाचे नाव, सरकारी क्रमांक, हरवलेल्यांची उंची व वजन. हे तुझ्याच शहरात, परवा घडले, आणि कदाचित आताही चालू आहे, असे ती म्हणते. अशा स्थितीत होते ते भय लौकिक असते; रसाच्या पायरीवर ते चढलेलेच नसते. अभिनवगुप्ताच्या दृष्टीने हा रसविघ्नच. पण प्रेक्षक काही सांत्वनपत्र लिहून थांबत नाही. काही दिवसांनी त्याला सत्य कळते, तरीही तो तिकीट काढतो आणि पुन्हा भितो. त्या दुसऱ्या भयाला देशकाल असूनही तो देशकाल खोटा आहे हे त्याला माहीत असते. पहिल्या भयाची आठवण दुसऱ्या भयात मुरते. या मुरलेल्या भयाला जुन्या शास्त्रात नाव नसेल. नाव नाही म्हणून ते हीन, असे मात्र मी म्हणणार नाही.

वास्तवाचा आभास आणि वास्तव यांतील अंतर दाखविणारी एक हकीकत 'क्लोव्हरफील्ड'च्या त्या मस्तकाविषयी आहे. स्वातंत्र्यदेवतेचे मस्तक हनुवटीपासून माथ्यापर्यंत सुमारे १७ फूट आहे. पहिल्या ट्रेलरमध्ये ते खऱ्या मापाचे दाखविले होते. प्रेक्षकांनी तक्रार केली की हे फारच लहान, म्हणून खोटे वाटते. चित्रपटात ते सुमारे दीडपट मोठे करण्यात आले, आणि मग ते सर्वांना खरे वाटले. पुतळा आपण पाहतो तो उंच चौथऱ्यावर, दुरून, मान वर करून. त्यामुळे मनात त्याचे जे माप ठरते ते फूटपट्टीचे नसते. अनुवाद करताना मूळ शब्दाचा कोशातला अर्थ बिनचूक ठेवला की वाक्य खोटे वाटू लागते, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना या दीडपटीचे मर्म सांगावे लागणार नाही.

माप बदलता येते. पण न्यूयॉर्कच्या बाबतीत लोकांची दुसरीही एक स्मृती होती आणि तिला हात लावणे तितके निरागस नव्हते. ११ सप्टेंबर २००१ रोजी त्याच शहरात दोन मनोरे कोसळले तेव्हाची कितीतरी दृश्ये जगाने रस्त्यावरच्या सामान्य माणसांच्या कॅमेऱ्यांतून पाहिली. धुळीचा लोट गल्लीतून धावत येतो, चित्रण करणारा पळतो, चौकट तिरकी होते, कोणीतरी देवाचे नाव घेते. 'क्लोव्हरफील्ड'च्या ट्रेलरने आणि चित्रपटाने ही दृश्यभाषा जशीच्या तशी घेतली. काही समीक्षकांनी आक्षेप घेतला की सहा वर्षांपूर्वीच्या खऱ्या मृत्यूंवर हा खेळ मांडला आहे. उलट बाजूने असेही म्हणता येईल की १९५४ च्या जपानी 'गोजिरा'ने हिरोशिमा-नागासाकीच्या जखमेतूनच आपला राक्षस उभा केला, आणि त्याला आज कोणी नावे ठेवीत नाही. मला फरक वाटतो तो असा. 'गोजिरा' शोक करतो. त्यात रुग्णालयांतली माणसे आहेत, मुले आहेत, प्रार्थना आहे. दोन मिनिटांच्या जाहिरातीला शोकाची सवड नसते. ती जखमेची खूण दाखविते, दचकविते आणि तारीख देऊन निघून जाते. जो दोष मी चित्रपटाला देणार नाही तो जाहिरातीला देतो.

आता या ट्रेलरांनी कुतूहल कसे ताणले त्याकडे येऊ. रस्त्यावरच्या गोंधळात एक जण इंग्रजीत ओरडतो की मी ते पाहिले, ते जिवंत आहे. 'इट्स अलाइव्ह' हे शब्द आरडाओरड्यात कित्येकांनी 'इट्स अ लायन' असे ऐकले, आणि हा राक्षस म्हणजे सिंह असला पाहिजे असे तर्क महिनोन्महिने चालले. पोस्टरवरील धुराच्या लोटांत लोक चेहरे शोधू लागले. खोट्या जपानी कंपन्यांची, खोट्या शीतपेयाची संकेतस्थळे उभारली गेली, पात्रांच्या नावाने खाती उघडली गेली, आणि त्यांतले दुवे जोडीत बसणे हाच एक उद्योग झाला. ध्वनी अस्पष्ट ठेवला की ऐकणारा आपल्या पदरचे काहीतरी त्यात घालतो. हस्तलिखितातली वाळवीने खाल्लेली अक्षरे भरून काढताना संशोधकाची जी अवस्था होते तीच येथे लाखो प्रेक्षकांची झाली. आणि भरून काढलेल्या अक्षरावर संशोधकाचे छापील अक्षरापेक्षा अधिक प्रेम असते.

हीच वाट एका टोकाला नेणारा ट्रेलर २००९ चा. ओरेन पेली यांनी २००७ मध्ये अत्यल्प खर्चात केलेल्या 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'च्या प्रसिद्धीसाठी चित्रपटापेक्षा प्रेक्षकच अधिक दाखविले गेले. अंधारात टिपलेली चित्रपटगृहातली माणसे, एकदम मागे सरणारी, तोंडावर हात घेणारी. विभाव तर गेलाच, आता पात्रही गेले. उरला तो भ्यालेला प्रेक्षक, आणि त्याला पाहून भिणारा दुसरा प्रेक्षक.

या गंभीर मंडळींत नॉर्वेच्या आंद्रे ओव्रेदाल यांचा २०१० चा 'ट्रोलयेगेरेन', म्हणजे ट्रोलांचा शिकारी, मला फार प्रिय आहे. विद्यार्थ्यांचे एक पथक अस्वलांच्या बेकायदा शिकारीचा माग काढता काढता एका कंटाळलेल्या सरकारी नोकरापाशी पोहोचते. लोककथेतले ट्रोल खरे आहेत आणि त्यांची संख्या आटोक्यात ठेवणे हे त्याचे काम आहे. ट्रोल मारल्यावर त्याला छापील अर्ज भरावा लागतो! याचे पोस्टर बिनदिक्कत राक्षस दाखविते. बर्फाळ माळावर उभा महाकाय ट्रोल आणि त्याच्यासमोर दिवे लावून आलेली इवलीशी मोटार. लपवाछपवी नाही, कारण ट्रोल कसा दिसतो ते प्रत्येक नॉर्वेजियन मुलाला आजीने सांगितलेलेच असते. येथे विश्वास बसवावयाचा तो प्राण्यावर नाही, सरकारी खात्यावर. म्हणून चित्रपटाच्या शेवटी तेव्हाचे पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांचे खरे चित्रण येते. ट्रोल अस्तित्वात असल्याचे ते पत्रकारांपुढे मान्य करताना दिसतात. वस्तुतः ते ज्याविषयी बोलत होते ते समुद्रातील ट्रोल नावाचे तेलक्षेत्र होते. एकही शब्द बदललेला नाही, केवळ जागा बदलली आहे. 'ब्लेअर विच'च्या पत्रकांपेक्षा ही लबाडी मला निर्मळ वाटते. येथे ज्याचा विश्वास वापरला तो हरवलेल्या मुलीसाठी रडणारा माणूस नव्हता, आणि प्रेक्षक लबाडीत सामील होता.

मुख्य प्रवाहात मात्र पुढे जे घडले ते वेगळे. २००७ साली जाहिरात आणि चित्रपट यांत साडेसहा महिन्यांचे अंतर होते, आणि भय त्या अंतरातच राहत होते. चित्रपटाची लांबी अवघी ८५ मिनिटे. २०१६ मध्ये त्याच मालिकेतला '१० क्लोव्हरफील्ड लेन' आला. तो सापडलेल्या चित्रणाचा नव्हता. असा काही चित्रपट आहे हे लोकांना जानेवारीतल्या ट्रेलरने अचानक कळले आणि मार्चमध्ये तो लागलाही. तिसरा, 'द क्लोव्हरफील्ड पॅरॅडॉक्स', याची जाहिरात ४ फेब्रुवारी २०१८ रोजी अमेरिकेतील 'सुपर बोल' या फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी दूरचित्रवाणीवर झळकली, आणि सामना संपताच त्याच रात्री चित्रपट नेटफ्लिक्सवर पाहावयास मिळाला. तर्क करावयास, धुरात चेहरे शोधावयास, एखादा शब्द चुकीचा ऐकावयास मिळाले ते सामन्याचे उरलेले काही तास.